भिंतीतली बाई

"त्या भिंतीवाल्या बाईचं नाव काय ठेवायचं रे?" बायकोनं विचारलं तेव्हा मी सकाळचे कप विसळत होतो. तिच्या ओठांत केसांची पिन होती, त्यामुळे शब्द नीट सुटे झाले नाहीत, आणि मला वाटलं ती समोरच्या इमारतीतल्या कुणाबद्दल तरी बोलतेय. "कोणती बाई?" मी म्हटलं. "अरे तीच, तुझ्या कादंबरीतली." पिन तिनं डाव्या हातानं खोचली, कारण उजवा हल्ली खांद्याच्या वर जात नाही, आणि खोचता खोचताच तिच्या लक्षात आलं की आपण भलतंच काही बोलून बसलो. "म्हणजे तुझ्यातली नाही तशी. आम्ही आपलं तिकडे व्यायाम करताना बोलत होतो." एवढं म्हणून ती डबा घेऊन कामावर गेली. मी नळ बंद करायचं विसरलो. माझ्या कादंबरीत बाई नव्हतीच. माझ्या कादंबरीत एक सरकारी खातं होतं, त्याचे नियम होते, एक यंत्र होतं, आणि दोनशे वर्षांनंतरचं एक शहर होतं, पण बाई नव्हती. ती कुठून आली? आणि हे 'आम्ही' कोण? आपल्या भाषेत 'आपण' म्हटलं की ऐकणारा आत असतो आणि 'आम्ही' म्हटलं की तो दाराबाहेर. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या लिखाणाच्या बाबतीत बायकोच्या तोंडून मी कायम 'आपण' ऐकलं होतं. आपण हे प्रकरण आधी घेऊ या का, आपण हा शेवट बदलू या का. आज पहिल्यांदा तिनं मला दाराबाहेर उभं केलं, तेही तोंडात पिन धरून.

कल्पना अशी होती. भिंतींना कान असतात ही म्हण आपण वापरून वापरून गुळगुळीत केली आहे. मी तिला फक्त पुढे नेलं. भिंतीसमोर बोललेलं सगळं भिंतीत मुरून राहतं, आणि दोनशे वर्षांनी असं एक यंत्र निघतं की ते भिंतीला लावलं की जुनं बोलणं ऐकू येतं. आता याचे परिणाम बघा. घर रिकामं करताना भिंती खरवडून द्याव्या लागतात, त्यासाठी भिंतखरवडे नावाची नवी जमात तयार होते. श्रीमंत लोक काचेच्या घरात राहायला जातात, कारण काचेत काही मुरत नाही. गरिबांना मात्र आधीच्या भाडेकरूंची भांडणं ऐकत झोपावं लागतं. तेलरंगाखाली आवाज टिकत नाही, पण त्या काळात तो रंग मिळायचा बंद झालेला असतो. हे सगळं मला एका लिफ्टमध्ये सुचलं. मी लिफ्ट तपासतो, तेच माझं काम. दोर, ब्रेक, दरवाजे, आणि केबिन मजल्याशी बरोबर समपातळीत थांबते की नाही, हे बघायचं. लिफ्टमध्ये लोक वाक्य अर्धं ठेवून चढतात, माझा गणवेश बघून गप्प बसतात आणि उतरल्यावर उरलेलं वाक्य पूर्ण करतात. मला कायम मधला तुकडा मिळतो, म्हणजे काहीच मिळत नाही. एकदा एक बाई म्हणाली, "म्हणजे तुला तेव्हापासूनच माहीत होतं," आणि दरवाजा लागला. त्या केबिनच्या पत्र्यावर हात ठेवून मी उभा राहिलो आणि मला वाटलं, या पत्र्याला सगळं माहीत आहे. त्या दिवशी माझा ब्रेक तपासायचा राहिला आणि परत जावं लागलं.

कल्पना सुचली की ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडत नाही. वाचकांचं मत आधीच घ्यावं, सगळं लिहून झाल्यावर घेण्यात काय अर्थ, असं माझं धोरण. ताईला फोन केला. ताईनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुझी झोप नीट होतेय ना?" ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा एक जण आहे, त्याला सगळे दोरवाला म्हणतात, कारण दोरांच्या तक्रारी त्याच्याकडे येतात. त्याला कल्पना फार आवडली. तो म्हणाला, "मस्त आहे, पण लिफ्ट असतील का हो त्या काळात?" असतील म्हटल्यावर त्याचं समाधान झालं आणि तो जेवायला गेला. उरली बायको. बायको म्हणजे खरी वाचक. तिला मी एका संध्याकाळी समोर बसवून सगळं सांगितलं, खात्याची रचना, परवान्यांचे प्रकार, खरवडण्याच्या तीन पद्धती, काचेच्या घरांवरचा कर. ती खांद्यावर गरम पाण्याची पिशवी धरून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "पण त्या भिंतीत बोलतं कोण?" मी म्हटलं, "कुणीही बोलू दे गं, तो मुद्दा नाही." मग ती "हं" म्हणाली. मी पुढे करावर आलो. बोलून झाल्यावर विचारलं, "कसं वाटलं?" तर म्हणाली, "छान आहे." या शब्दाचा मला मनापासून राग आहे. पोराला पाहून, पडदे पाहून, डॉक्टरांचा दवाखाना पाहून लोक छान म्हणतात. छान म्हणजे विषय संपला, आता उठू या.

पूर्वी असं नव्हतं. लग्नानंतर आम्ही एका खोलीत राहायचो, पलंगाला टेकून टेबल आणि टेबलाला टेकून स्टोव्ह, आणि मी गोष्टी सांगायचो. तेव्हा ती "मग?" म्हणायची. नुसतं "मग". पण त्या एका शब्दाचे तिच्याकडे किती प्रकार होते! भरभर म्हटलेलं मग म्हणजे लवकर सांग. मान तिरकी करून म्हटलेलं मग म्हणजे मला कळलंय काय होणार, पण तू सांग. आणि एक अगदी हळू, श्वासातलं, ते आलं की मला कळायचं की आता ती खोलीत नाही, मी जिथं नेलंय तिथं आहे. खरं सांगायचं तर मी त्या मगच्या प्रेमात पडलो. दिसायला ती चारचौघींसारखी, आणि मी तर चौघांपेक्षाही कमी. पण माझ्या पहिल्या गोष्टीत स्टेशनवर सामान सोडून निघून जाणारा माणूस होता, आणि तो निघाला तेव्हा ती उकळत्या दुधाकडे पाठ करून "मग?" म्हणाली आणि सगळं दूध स्टोव्हवर गेलं. ती गोष्ट छापून आली, पुढे दोन पुस्तकंही आली, त्यांना लोकांनी छान म्हटलं. तिचं ते "मग?" कधी थांबलं ते मला आठवत नाही. एखादा नळ गळायचा थांबतो, आणि पुष्कळ दिवसांनी आपल्या लक्षात येतं की अरे, आवाज नाही. तसं झालं. आता ती "हं" म्हणते. एक हं 'ऐकतेय'चा आहे, एक हं 'ऐकत नाही'चा आहे, आणि दोन्ही मला ओळखता येतात.

बायको दात बनवते. डेंटल लॅबमध्ये तिला पंचवीस वर्षं होत आली. मेणात दात बसवायचे, घासायचे, रंग जुळवायचे. शहरातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या बायकोच्या हातचे दात घालून हसतात असं मी गमतीनं म्हणतो. इतकी वर्षं बाकावर वाकून बसल्यावर खांदा तक्रार करणारच. तो आधी दुखला, मग आखडला, आणि शेवटी दगड झाला. तिला बाही घालता येईना, वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी ती एका फिजिओथेरपिस्टकडे जायला लागली. मी त्याला खांदेकरी म्हणतो. "शी, अभद्र बोलू नकोस," बायको म्हणते, पण हसते. म्हणजे हसायची. सकाळच्या त्या पिनेनंतर मी परत खांदेकरी म्हटलं तेव्हा ती हसली नाही, म्हणाली, "फार चांगला माणूस आहे तो. कधी कंटाळत नाही ऐकायला." ऐकायला! खांद्याच्या माणसाला ऐकायचं काय काम? मी खोदून खोदून विचारलं. तेव्हा कळलं की व्यायाम म्हणजे भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची, एकेक बोट वर, कोळ्यासारखी, दुखेपर्यंत आणि दुखल्यावरही थोडी. जिथवर पोचलं तिथं तो पेन्सिलीनं खूण करतो. आणि दुखण्याकडून मन काढायला तो म्हणतो, बोलत राहा मॅडम, काहीही बोला. "मग तू काय बोलतेस?" "काहीही," ती म्हणाली, "भिंतीकडे तोंड असलं की काय सुचणार? भिंतच सुचते."

त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं, आणि हे दुखणं कुठल्या डॉक्टरला दाखवायचं ते कळेना. घरी ती तोच व्यायाम करते, झोपायच्या खोलीच्या दाराशेजारी, पेन्सिलीच्या खुणांसकट. पण घरी तिची बोटं मुकाट चढतात. मी मुद्दाम पेपर घेऊन तिथंच बसायचो, म्हटलं, येईल एखादा शब्द बाहेर. नाही. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. एकदा मी सहज विचारल्यासारखं म्हटलं, "बोलत का नाहीस? बोललं की दुखत नाही म्हणे." तर म्हणाली, "तू वाचतोयस ना." कामावरही माझं लक्ष लागेना. लिफ्टच्या छपरावर उभा राहून मी दोरांना वंगण लावत होतो, आणि खाली केबिनमध्ये कुणीतरी बाई कुणाला तरी काही सांगत होती, आणि तो पुरुष म्हणाला, "मग?" अगदी साधं. त्या अंधारात मला खांदेकऱ्याचा चेहरा दिसायला लागला. उंच, पांढरा अंगरखा, मऊ आवाज, बायकोच्या खांद्यावर पसरलेला पंजा. आणि ती त्याला माझं शहर सांगतेय, माझी यंत्रं, माझे भिंतखरवडे, आणि तो मग म्हणतोय, आणि त्याच्या प्रत्येक मगबरोबर माझ्या शहरात एकेक माणूस राहायला येतोय, मला न विचारता. मी कल्पनेचा डोलारा उभारायचा आणि यांनी संसार मांडायचा. कुठल्या गोष्टीचा जास्त राग आला, पंजाचा की मगचा, हे मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. पंजाचं मी समजून घेऊ शकलो असतो.

शेवटी मी काम लवकर आटोपून तिकडे गेलो. जुन्या दुकानांच्या वरचा मजला, जिन्यात मलमांचा वास, बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या. टेबलामागची मुलगी फोनवर बोलत होती, तिनं मला हातानंच बसा सांगितलं. आतल्या खोलीला निळा पडदा होता आणि तो खालून वीतभर तोकडा, त्यामुळे आतले पाय तेवढे दिसत होते. बायकोचे पाय मी ओळखले, भिंतीला लागून, टाचा जराशा उचललेल्या. शेजारी खाटेवरून लोंबणारे एका म्हातारीचे पाय, कंबरेचं दुखणं असावं. आणि तिसरे पाय, आखूड, जाडजूड, एका मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. हा खांदेकरी! आवाजही मऊ नव्हता, सर्दी झाल्यासारखा होता, आणि तो काहीतरी चघळत होता. "चला मॅडम, कुठवर आलो होतो? बोलत राहा, थांबलात की बोटं थांबतात." एका क्षणात माझा पंजाबद्दलचा संशय विरघळून गेला, आणि मला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. कारण बायको बोलायला लागली होती.

"तर ती मुलगी खोली भाड्यानं घेते," बायको सांगत होती, "आणि भिंती खरवडलेल्याच नसतात. घरमालकानं फसवलेलं असतं. पहिल्याच संध्याकाळी ती यंत्र लावते, तर एक माणूस बोलतोय. दोनशे वर्षांपूर्वीचा. चांगला माणूस आहे हं. ओरडत नाही, शिव्या देत नाही. नुसता बोलतो. त्याला काय काय सुचलेलं असतं ते सांगतो. आणि मध्ये मध्ये थांबतो, म्हणजे समोर कुणीतरी बसलंय. पण त्या कुणाचा आवाजच नाही." "मग?" म्हातारी म्हणाली. "मग हिला चैन पडत नाही. एवढी जागा सोडलीय बोलण्यात, तिथं कोण होतं? ती सगळ्या भिंती ऐकते. पलंगामागची, दारामागची, खिडकीखालची. सगळीकडे तोच. शेवटी स्वयंपाकाच्या ओट्यावर एक फळी असते, ती काढते आणि फळीमागे कान लावते. तर तिथं एक बाई. अगदी हळू." "मग?" हा खांदेकरी, आणि त्याचं चघळणं थांबलं. "काय बोलत असते?" माझ्या शेजारून आवाज आला. टेबलामागच्या मुलीनं फोन बाजूला धरला होता आणि तीही पडद्याकडे बघत होती. बायको हसली. "ते पुढच्या वेळी. हात दुखला." "हा अन्याय आहे," म्हातारी म्हणाली, "मी पुढच्या वेळी मुद्दाम तुमच्याच वेळेला येणार." आणि बायको पुन्हा हसली. ते हसू माझ्या घरात नाही. मला वाटलं होतं मला राग येईल, चोरी पकडल्यासारखा. आला, पण त्याला मागे ढकलून दुसरंच काहीतरी पुढे आलं. चक्क लफडं असतं तर बरं झालं असतं. लफड्यात निदान एकच माणूस असतो, इथं खोलीभर होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे फळीमागची बाई काय बोलत होती हे मलाही कळायला हवं होतं, आत्ताच्या आत्ता. मी उठलो, जिना उतरलो आणि खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. ती आली तेव्हा म्हटलं, "आत्ताच आलो." ती म्हणाली, "अरे वा." बसमध्ये ती खिडकीला टेकून डोळे मिटून बसली होती, आणि मी बघत होतो की तिच्या मांडीवर उजव्या हाताची बोटं हळूहळू पुढे सरकतायत.

दोन दिवस मी घुम्यासारखा वागलो आणि रविवारी दुपारी फुटलो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, "ती कल्पना माझी होती." तिनं घडी हातात तशीच धरली. "कुठली?" "वेड पांघरू नकोस. भिंतींची." "हो, तुझीच आहे. कुणी नाही म्हटलं?" "मग परस्पर लोकांना कशी सांगितलीस?" तिनं माझ्याकडे खरोखर आश्चर्यानं बघितलं. "हात दुखत होता म्हणून," ती म्हणाली. तरी मी थांबलो नाही. मी म्हटलं, मी वर्षभर डोकं फोडायचं, खातं उभं करायचं, कायदे करायचे, आणि तू आयत्या बिळावर नागोबा. खरं तर कानामागून आली आणि तिखट झाली असंही मला म्हणायचं होतं, पण तेवढ्यात ती शांतपणे म्हणाली, "मग बीळ घे परत. नागोबापण घे. मी काय करू त्याचं?" "तसं नाही." "तसंच. ती बाई, ती फळी, तो बडबड्या माणूस, सगळं घे. मला लिहायचंय थोडंच? मी हात बरा करतेय." आणि तिनं माझा सदरा घडी करून माझ्याच मांडीवर ठेवला. भांडण जिंकल्यावर इतकं हरल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं. तिला त्या गोष्टीची हावच नव्हती. जी वस्तू मला आयुष्यभर हवी होती ती तिच्याकडे खांदा दुखतो म्हणून आली होती, आणि कुणी मागितली तर ती सहज देऊन टाकत होती.

मी लगेच लिहायला बसलो. कॉम्प्युटर सुरू केला, खोली लिहिली, फळी लिहिली, फळी काढली. फळीमागे बाई होती, पण ती तोंड उघडेना. मी तिला बोलायला लावलं तर ती म्हणाली की भिंती न खरवडल्याबद्दल घरमालकाविरुद्ध तक्रार कुठे नोंदवायची. मी ते खोडलं. मग ती म्हणाली की मी फार एकटी आहे, आणि मला स्वतःचीच लाज वाटली. स्वयंपाकघरात बायको पाणी पीत होती. मी दारात जाऊन उभा राहिलो आणि जमेल तितक्या बेफिकिरीनं विचारलं, "ती फळीमागे काय बोलत असते?" "मला नाही माहीत," ती म्हणाली. "त्यांना पुढच्या वेळी सांगणार होतीस ना?" ती पटकन वळली. "तू केव्हा ऐकलंस?" मी दाराची कडी खालीवर केली. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग न रागावता म्हणाली, "अरे, खरंच माहीत नाही. हात वर जाताना सुचतं. बसून नाही सुचत." "मग कर ना वर." हे मी बोललो ते मलाच ऐकू आलं, भीक मागितल्यासारखं. तिनं पेला उपडा ठेवला. झोपायच्या खोलीच्या दाराशेजारी भिंतीकडे तोंड करून ती उभी राहिली, हात टेकवला आणि म्हणाली, "ती टकटक नको मला. कागदावर लिही." मी कागद आणि पेन घेऊन पलंगाच्या कडेवर बसलो. किती वर्षांत हातानं लिहिलं नव्हतं!

बोटं चढायला लागली. खांद्याच्या रेषेपर्यंत ती काहीच बोलली नाही, आणि मला वाटलं, बरं झालं, नाहीच येत. मग बोटं रेषा ओलांडून वर गेली, तिनं दात आवळले आणि ती म्हणाली, "ती नवऱ्याच्याच गोष्टी परत सांगत असते. भांडी घासता घासता. त्यानं सांगितलेल्याच. फक्त त्यात माणसं घालून." मी लिहिलं. "त्याला कळत नाही, कारण नळ चालू असतो," ती म्हणाली. तेही लिहिलं. ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो, आणि प्रत्येक वाक्य कागदावर उतरताना मला ते माझं वाटायचं आणि पूर्णविराम दिला की परत तिचं व्हायचं. एका ठिकाणी मी मध्ये स्वतःचं एक वाक्य घातलं, चांगलं वाक्य होतं. ती म्हणाली, "एवढा वेळ काय लिहितोयस?" मी ते खोडलं. माझ्या आत असं काही पेटलं होतं की मला ती गोष्ट मोडायची होती, एकदा तरी. माझ्याकडे हत्यार होतं, कारण त्या जगाचे कायदे माझे होते. मी म्हटलं, "पण हे होऊच शकत नाही. तेलरंगाखाली आवाज टिकत नाही, हे मी पहिल्यापासून ठरवलंय. ओट्यामागे कुणीतरी कधीतरी फळी काढून तो रंग दिलाच असेल. तुझी बाई ऐकूच येणार नाही."

बोटं थांबली. आता गोष्ट पडेल, मी मनात म्हटलं. तिच्या मानेवरून घामाचा थेंब सरकत खाली गेला आणि ती भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली, इतका वेळ की मला बोलल्याचा पस्तावा व्हायला लागला. "थांब," ती म्हणाली. "म्हणजे तिनंच दिला असेल. तिनंच. तिला कळलं की भिंत ऐकते, आणि आपलं बोलणं कुणाच्या हाती लागू नये म्हणून तिनं फळी काढून स्वतःच्या हातानं रंग दिला. पण हात वर उचलेना, पोचला तिथवरच. वरचा पट्टा कोरा राहिला. म्हणून स्टुलावर चढून जेवढं बोलली तेवढंच उरलं. लिही, लिही, हे फार चांगलं सुचवलंस तू." आणि तिची बोटं वर गेली, पेन्सिलीची शेवटची खूण मागे टाकून आणखी वर, आणि ती कण्हली आणि हसली, दोन्ही एकदम. मी लिहिलं. मी ज्या फटीत पहार घातली होती तिथूनच तिनं दार काढलं होतं. इतकी सुंदर गोष्ट मी आजवर हातानं लिहिली नव्हती, आणि तिच्यात माझं म्हणावं असं एक पोटातलं विष तेवढं होतं, तेही तिनं औषध म्हणून वापरलं.

ती येऊन माझ्याशेजारी बसली, खांदा चोळत. पानं तिनं माझ्या हातातून घेतली आणि वाचायला लागली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो, पूर्वी बघायचो तसा. ओठ किंचित हलत होते. फळी निघाली तिथं तिचा श्वास अडकला, नळ चालू होता तिथं तिनं मान हलवली, आणि स्टुलापाशी आल्यावर ती मागे गेली आणि तेवढंच पुन्हा वाचलं. मला वाटलं, काहीतरी बोल. माझं नसलं तरी बोल. कसं वाटलं असं विचारायची माझी हिंमत नव्हती. शेवटी तिनं पानं मांडीवर सारखी केली, त्यांवरून डावा हात फिरवला आणि माझ्याकडे इतक्या कौतुकानं बघितलं की मी तयार होऊन बसलो.

"अक्षर किती सुंदर आहे रे तुझं," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत कधी लक्षातच आलं नाही."